नेटवाल्याला तुमच्या घरातलं काय दिसतं?

प्रश्न जुळे सोलापुरातल्या एका ताईंचा आहे. त्यांनी स्वतःच्या मोबाइलवर, घरच्या वायफायवरून, आयव्हीएफ सेंटरची माहिती शोधली. इन्कॉग्निटो उघडून शोधली. नवऱ्याशिवाय घरात कुणालाच काही सांगितलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सासूबाई मोबाइलवर राशिभविष्य वाचत बसल्या होत्या, आणि त्याच पानावर खाली वंध्यत्वावरच्या उपचारांची जाहिरात. सासूबाईंनी फोन पुढे केला आणि विचारलं, "हे माझ्या मोबाइलवर कसं काय आलं गं?" ताई विचारतात: आमच्या केबलवाल्याने ही माहिती विकली का? त्याला आमचं सगळं दिसतं का? कनेक्शन बदलू का?

ताई, मी सोलापुरात एकवीस वर्षं हेच काम करतोय. सुरुवात केली तेव्हा भवानी पेठेत गच्चीवरून गच्चीवर निळ्या वायरी ओढायचो, आणि दर पंधरा दिवसांनी स्विचच्या पेटीत साचलेला कारखान्यांतला कापसाचा तूस ब्रशने काढायचो. आज तीन लहान नेट कंपन्यांचं नेटवर्क सांभाळतो. म्हणजे तुम्ही ज्याच्यावर संशय घेताय, त्याच्या बाजूला बसणारा मी माणूस आहे. आडपडदा न ठेवता सांगतो.

तुमच्या बाबतीत केबलवाल्याने विकलं असण्याची शक्यता मला कमी वाटते. पण त्याला काहीच दिसत नाही, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. दिसतं, आणि जेवढं दिसतं तेवढं पुरेसं असतं.

रोजचा रिक्षावाला डोळ्यांसमोर आणा. तुम्ही कुठल्या दवाखान्याच्या दारात उतरलात ते त्याला कळतं. आत डॉक्टर काय म्हणाले ते कळत नाही. नेटवाल्याचं तसंच आहे. मोबाइलने एखादी साइट उघडायची म्हटलं की आधी तो विचारतो, या नावाचा पत्ता काय? हा प्रश्न डीएनएस सर्व्हरला जातो, आणि तुम्ही काही बदललं नसेल तर तो सर्व्हर नेटवाल्याचाच किंवा त्याने ठरवून दिलेला असतो. प्रश्न उघडा जातो, कुलूप नसतं. त्यानंतर मोबाइल त्या साइटशी बोलायला लागतो तेव्हा पुढचं सगळं बोलणं कुलूपबंद असतं. ब्राउझरमध्ये एचटीटीपीएस लिहिलेलं असतं ते तेच. पण बोलणं सुरू करतानाच्या पहिल्या निरोपात साइटचं नाव बहुतेक वेळा उघडंच जातं. ते झाकण्याची पद्धत निघाली आहे, २०२३ पासून क्रोम आणि फायरफॉक्समध्ये आलीही आहे, पण समोरच्या साइटनेही ती वापरली तरच उपयोग, आणि बहुतांश साइट अजून वापरत नाहीत.

म्हणजे नेटवाल्याला दिसतं ते असं: कुठलं कनेक्शन, किती वाजता, कुठल्या नावाच्या साइटवर गेलं, किती डेटा आला-गेला. तुम्ही गूगलमध्ये कुठले शब्द टाकले ते दिसत नाही. यूट्यूबवर आहात हे दिसतं, कीर्तन ऐकताय की सिनेमा बघताय ते नाही. व्हॉट्सअॅपचे मेसेज नाहीत, बँकेचा पासवर्ड नाही. पण आयव्हीएफ सेंटरच्या साइटच्या नावातच तो शब्द असेल, तर आतलं पान बघायची गरज राहते का?

इन्कॉग्निटोचा इथे काही उपयोग होत नाही. ते फक्त तुमच्या मोबाइलमध्ये इतिहास ठेवत नाही, म्हणजे फोन हातात घेणाऱ्या माणसापासून लपवतं. तारेतून जाणारं जसंच्या तसं जातं. खुद्द गूगलवर याच गैरसमजावरून अमेरिकेत खटला झाला आणि २०२४ च्या तडजोडीत इन्कॉग्निटोमध्ये गोळा झालेल्या अब्जावधी नोंदी नष्ट करायचं गूगलला मान्य करावं लागलं. तेव्हा यात तुम्ही एकट्याच फसलात असं समजू नका.

मग जाहिरात आली कुठून? मी तुमच्या घरी आलो असतो तर आधी तीन गोष्टी विचारल्या असत्या. सेंटरच्या साइटवर "आम्ही तुम्हाला फोन करू" अशा चौकटीत नंबर टाकला का? टाकला असेल तर तो नंबर जाहिरातीच्या यादीत जाऊ शकतो. दुसरं, त्या साइटवर जाहिरात कंपन्यांचे छुपे कोड असतात, दवाखान्यांच्या साइटवरही असतात, आणि एकाच वायफायवरचे मोबाइल हे एकच घर आहे असा अंदाज त्या कंपन्या बांधतात. आपल्याकडच्या लहान नेटवाल्यांच्या बाबतीत हा अंदाज जरा पुसट होतो, कारण बाहेरच्या जगाला दिसणारा एकच पत्ता आम्ही अनेक घरांत वाटून देतो. तुमची अख्खी कॉलनी बाहेरून एकाच पत्त्यावर दिसत असेल. पण मोठ्या कंपन्यांच्या नव्या कनेक्शनवर घराला स्वतःचा पत्ता मिळतो, तिथे अंदाज बरोबर बसतो.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: सासूबाईंच्या मोबाइलमध्ये जीमेल कुणाचं आहे? मी शंभर घरांत बघितलंय, आई-वडिलांना नवा मोबाइल घेऊन देताना मुलगा किंवा सून स्वतःचंच जीमेल टाकून देते. मग दोन फोन जाहिरात यंत्रणेच्या दृष्टीने एकाच माणसाचे होतात.

आता नेटवाल्यांचं सांगतो. ही भीती तुमच्या मनाची कल्पना नाही. असं झालेलं आहे, आणि चार दिवस ते माझ्या हातूनही झालेलं आहे.

२०१७ चा जानेवारी. गड्ड्याची जत्रा चालू होती, त्यामुळे होम मैदानाच्या बाजूच्या केबलची कामं रात्री उरकत होतो. तेव्हा मी एका कंपनीत नोकरीला होतो. तिथे एका जाहिरात कंपनीचा माणूस आला. त्याचं म्हणणं साधं होतं: आमचा एक छोटा सर्व्हर तुमच्या रॅकमध्ये लावा, मेन स्विचचा एक पोर्ट मिरर करून द्या, म्हणजे ग्राहकांच्या येणाऱ्या-जाणाऱ्या डेटाची नक्कल त्या सर्व्हरला मिळेल, बाकी काही नको. दर कनेक्शनमागे महिन्याला ठरावीक पैसे. "नावं आम्ही घेत नाही, फक्त नंबर घेतो," असं तो तीन-चारदा म्हणाला. आधी ट्रायल करून बघा म्हणाला. मालकांनी माझ्याकडे बघितलं आणि मी हो म्हटलं. कॉन्फिगरेशन मीच केलं. अर्ध्या तासाचं काम होतं.

चौथ्या रात्री एका भागातून स्पीडची तक्रार आली म्हणून मी लॉग उघडला. एका कनेक्शनचा नंबर सारखा वर येत होता. दोन वाजून दहा मिनिटांनी रक्तपेढीची साइट. दोन चौदाला मुंबईच्या कॅन्सर हॉस्पिटलची. दोन एकतीसला रेल्वेच्या तिकिटांची. मग परळमधल्या एका धर्मशाळेची. तीनला दहा कमी असताना पुन्हा हॉस्पिटल. नाव कुठेच नव्हतं, त्या माणसाने सांगितलं तसंच. पण तो नंबर कुठल्या पेटीतून, कुठल्या खांबावरून, कुठल्या घरात जातो हे मला तोंडपाठ होतं. ती वायर मीच दिवाळीच्या आधी टाकली होती, आणि घरातल्या काकूंनी मला चिवडा बांधून दिला होता.

मग मी त्या कंपनीच्या पॅनलवर त्या नंबरापुढे काय लिहिलंय ते बघितलं. तिथे लिहिलं होतं: प्रवासाची आवड.

रात्री दोन वाजता हॉस्पिटल आणि तिकिटं शोधणाऱ्या घराला यंत्राने फिरायची हौस असलेलं घर ठरवलं होतं. उद्यापासून त्यांना गोव्याच्या हॉटेलच्या जाहिराती दिसणार होत्या. मी त्याच वेळी मिररिंग बंद केलं आणि सकाळी मालकांना सांगितलं. मालकांनी ऐकलं, याचं श्रेय त्यांना देतो, कारण चारशे-पाचशेच्या प्लॅनमधून बँडविड्थचे पैसे, खांबांचं भाडं आणि पोरांचे पगार काढायचे म्हणजे वरचे पैसे कुणालाही हवेसेच वाटतात. सर्व्हर परत गेला. त्या घरी मात्र मी काही सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

म्हणून "नाव घेत नाही, फक्त नंबर घेतो" हे वाक्य ऐकलं की माझा विश्वास बसत नाही. नंबराचं नाव कळायला गावात एक वायरमन पुरतो.

जगात हे आधीही झालं होतं, मला तेव्हा माहीत नव्हतं. ब्रिटनमध्ये बीटी या बड्या कंपनीने २००६ आणि २००७ मध्ये फॉर्म नावाच्या जाहिरात कंपनीची यंत्रणा हजारो ग्राहकांवर त्यांना न विचारता चालवून बघितली. २००८ मध्ये ते उघड झालं, इतका गदारोळ झाला की २००९ मध्ये बीटीने योजना गुंडाळली, आणि ग्राहकांच्या संमतीचा कायदा नीट राबवला नाही म्हणून युरोपियन कमिशनने ब्रिटिश सरकारवरच कारवाई सुरू केली. अमेरिकेत व्हेरायझनने २०१२ पासून मोबाइल ग्राहकांच्या कुलूप नसलेल्या प्रत्येक विनंतीला एक खूण चिकटवायला सुरुवात केली. ग्राहकाने कुकीज, म्हणजे साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदी, पुसल्या तरी ती खूण पुसली जात नव्हती, कारण ती मोबाइलमध्ये नव्हतीच, वाटेत लावली जात होती. एका जाहिरात कंपनीने तर त्या खुणेच्या आधारे लोकांनी पुसलेल्या कुकीज पुन्हा जिवंत केल्या. २०१६ मध्ये व्हेरायझनला साडेतेरा लाख डॉलर दंड भरावा लागला. एटी अँड टीने आणखी वेगळं केलं: काही शहरांत जलद फायबर घेताना पाळत नको असेल तर महिन्याला २९ डॉलर जास्त मोजा. मला या सगळ्यांत हे सर्वांत वाईट वाटतं. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याचं घर झाकलेलं, ज्याच्याकडे नाहीत त्याचं उघडं. आपल्याकडे असं झालं तर विडी वळणाऱ्या बाईचं घर कुठल्या बाजूला पडेल ते सांगायला नको.

ब्राउझिंगचा इतिहास वापरण्याआधी ग्राहकाची संमती घ्यावी, असा नियम अमेरिकेत २०१६ मध्ये झालाही होता. तो लागू व्हायच्या आतच, एप्रिल २०१७ मध्ये, रद्द झाला.

भारतातही जून २०१५ मध्ये बंगळुरूच्या एका प्रोग्रामरला एअरटेलच्या थ्रीजीवर स्वतःचीच साइट उघडल्यावर तिच्यात परका कोड सापडला. त्याने तो लोकांसमोर ठेवला, तर कोड बनवणाऱ्या इस्रायली कंपनीच्या वकिलांनी त्यालाच नोटीस पाठवली. ग्राहकाला आपला डेटा वापर कळावा म्हणून ही सोय आहे, असं एअरटेलचं म्हणणं होतं. असू दे. पण माझ्या पानात काहीतरी घालताना मला विचारायला नको?

माझ्या धंद्यातले लोक म्हणतात, गूगल करतं, फेसबुक करतं, मग आम्हीच काय घोडं मारलंय? मला हे पटत नाही. गूगल नको असेल तर दुसरं काही वापरता येतं. तुमच्या गल्लीत नेटवाले किती? एक, फार तर दोन. आणि तुम्ही बँकेत जा, दवाखान्यात जा, पोराची फी भरा, सगळं त्याच एका तारेतून जातं. शिवाय गूगल तुमच्याकडून महिन्याचं रिचार्ज घेत नाही. आम्ही घेतो.

एक गोष्ट मात्र समजून घ्या, नाहीतर उगाच भांडण होईल. नेटवाल्याने काही नोंदच ठेवू नये, असं म्हणता येत नाही. सरकारच्या लायसन्सची अट आहे: कुठल्या कनेक्शनवरून कधी कुठल्या पत्त्याशी संपर्क झाला याच्या नोंदी ठेवाव्या लागतात, आणि डिसेंबर २०२१ पासून त्या किमान दोन वर्षं. त्या तपास यंत्रणांसाठी असतात. सायबर गुन्ह्यात पोलिसांचं पत्र आलं की त्यातूनच शोध लागतो. ती नोंद ठेवणं वेगळं आणि तीच जाहिरातवाल्याला देणं वेगळं.

कायदा तुमच्या बाजूने येतोय, पण हळूहळू. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि संमतीच्या मुख्य तरतुदी दीड वर्षाने, म्हणजे मे २०२७ मध्ये, लागू व्हायच्या आहेत. त्यानुसार संमती मोकळेपणाने दिलेली आणि नेमक्या कामापुरती हवी, आणि जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता यायला हवी. अठरा वर्षांखालच्या मुलांवर पाळत ठेवून जाहिरात दाखवायला बंदी असणार आहे. आणि आपल्या गावासाठी मोलाची गोष्ट म्हणजे संमती मागतानाची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय द्यावा लागणार. म्हणजे मराठीत, आणि ज्या घरांत तेलुगू किंवा कन्नड बोलतात त्यांना तेलुगूत, कन्नडमध्येही. आज कनेक्शनचा फॉर्म इंग्रजीत असतो आणि पोरगा म्हणतो, "काकू, इथं सही करा." मीही अशा सह्या घेतल्या आहेत.

आता आज रात्री काय करता येईल ते.

तुमचा मोबाइल अँड्रॉइड ९ किंवा त्यापुढचा असेल तर सेटिंग्जमध्ये नेटवर्कच्या भागात "प्रायव्हेट डीएनएस" मिळेल. सापडलं नाही तर सेटिंग्जच्या शोधपट्टीत टाका. तिथे इंग्रजी अक्षरांत "डीएनएस डॉट गूगल" किंवा "वन डॉट वन डॉट वन डॉट वन" लिहा; डॉट म्हणजे टिंब, आणि "वन" आकड्यात नाही, अक्षरांत. पहिला सर्व्हर गूगलचा, दुसरा क्लाउडफ्लेअरचा. यानंतर तुमच्या मोबाइलचे ते उघडे प्रश्न कुलूपबंद होतात. पहिल्या निरोपातलं साइटचं नाव तरीही दिसतं, म्हणजे काम अर्धंच होतं, आणि आता तो प्रश्न दुसऱ्या कंपनीकडे जातो हेही लक्षात ठेवा. मी क्लाउडफ्लेअरचा वापरतो, कारण गूगलकडे माझं आधीच पुष्कळ आहे. एक अडचण येते ती आधीच सांगतो: रिचार्ज संपल्यावर काही नेटवाल्यांचं लॉगिनचं किंवा पैसे भरायचं पान आपोआप उघडतं, ते हे चालू असताना उघडत नाही. तेवढ्यापुरतं "ऑटोमॅटिक" करा आणि काम झालं की परत लावा. आयफोनमध्ये अशी साधी सोय नाही, तिथे क्लाउडफ्लेअरचं अॅप घेता येतं.

व्हीपीएन घेऊ का, असं पुष्कळजण विचारतात. व्हीपीएन म्हणजे तुमची सगळी ये-जा कुलूपबंद करून दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरमार्गे नेणं. ते लावलं की नेटवाल्याला फक्त व्हीपीएन दिसतं, पण मग आधी नेटवाल्याला दिसायचं ते सगळं व्हीपीएनवाल्याला दिसतं. फुकटचं व्हीपीएन तर अजिबात नको. जो फुकट देतो तो पैसे कुठून काढतो, याचं उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे.

केबलवाला काही गडबड करतोय का ते बघायची सोपी चाचणी आहे. प्रायव्हेट डीएनएस बंद ठेवा, वायफायवर या, आणि ब्राउझरमध्ये कुठलीही निरर्थक वीस-पंचवीस अक्षरं टाकून पुढे डॉट कॉम लिहा. "साइट सापडली नाही" असं आलं तर ठीक. त्याऐवजी जाहिरातींचं किंवा शोधाचं पान उघडलं, तर वाटेत कुणीतरी तुमच्या डीएनएसमध्ये हात घालतंय. तेच मोबाइल डेटावर करून बघा आणि दोन्हींचे फोटो काढून ठेवा. १९०९ वर "स्टार्ट ० " पाठवून जाहिरातींचे कॉल आणि एसएमएस बंद होतात, ते जरूर करा, पण त्याचा ब्राउझिंगशी संबंध नाही. मोबाइल कंपनीच्या रिचार्जच्या अॅपमध्येही प्रोफाइलखाली "पार्टनर ऑफर्स" किंवा तशा नावाचे पर्याय असतील तर बंद करा.

कनेक्शन बदलायचं का? माझं मत, आत्ता नको. आधी विचारा. लेखी विचारा, म्हणजे उत्तर द्यावं लागतं. मजकूर एवढाच पुरे: "माझ्या कनेक्शनवरच्या साइटच्या नोंदी, नाव असलेल्या किंवा नाव काढलेल्या, तुम्ही जाहिरातीसाठी स्वतः वापरता का किंवा कुणाला देता का? देत असल्यास माझी संमती नाही, ते बंद करावं." खाली ग्राहक क्रमांक घाला, त्याशिवाय पॅनलवर तुमचं कनेक्शन सापडत नाही. तक्रार म्हणून नोंदवा आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, मागा. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे तो द्यायचा असतो, आणि समाधान झालं नाही तर तोच नंबर देऊन कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं. केबलवाला ओळखीचा असेल तर तोंडी काय ते बोलेलच, पण कागद राहू द्या. उत्तर देतच नसेल, किंवा "नाव घेत नाही" असं म्हणाला, तर मग बदला.

सासूबाईंच्या मोबाइलमधलं जीमेल मात्र आजच बघा. प्ले स्टोअर उघडून वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या गोलावर बोट ठेवलं की कळेल. तुमचं किंवा तुमच्या मिस्टरांचं असेल तर ते काढून त्यांच्या नावाने नवं टाका. काढण्याआधी त्यांचे फोटो आणि कॉन्टॅक्ट कुठल्या खात्यावर सेव्ह होतात ते तपासून घ्या, नाहीतर नातवंडांचे फोटो दिसेनासे झाले म्हणून त्या वेगळ्याच काळजीत पडतील.